आक्कासाहेबांची शेवटची कात

हूकच होता. पुढच्या उजव्या पायाच्या आतल्या बाजूला, सांध्याच्या किंचित वर, काळा, चकचकीत, आत वळलेला — बाळाच्या झबल्याला लावतात त्याहूनही बारीक. आणि भिंग डावीकडे सरकवलं तर तिथेही अगदी तस्साच दुसरा. दौलतरावांनी भिंग खाली घेतलं, सदऱ्याच्या टोकाने पुसलं, काच स्वच्छच होती तरी पुसलं, आणि पुन्हा डोळ्याला लावलं. आक्कासाहेब पेटीच्या भिंतीला पोट टेकवून उभ्या होत्या, आठही पाय पसरून, मुद्दाम दाखवायलाच उभ्या असाव्यात तशा... की घ्या, बघा एकदाचं. तीन आठवड्यांतली ही चौथी तपासणी. पहिल्या वेळी उजेड कमी पडला होता, दुसऱ्या वेळी भिंगावर ओरखडा होता, तिसऱ्या वेळी — तिसऱ्या वेळी त्यांनी तपासणी अर्ध्यात सोडून गॅलरीतल्या कुंड्यांना दुसऱ्यांदा पाणी घातलं होतं. आज रविवार, सकाळचे नऊ, खिडकीतून हवं तेवढं ऊन आत आलेलं. आता सबब उरली नव्हती.

मादीला असा हूक नसतो. नराला येतो, आणि तोसुद्धा शेवटची कात टाकून पूर्ण वयात आल्यावरच येतो.

"अहो, पोहे!" आतून मंगलाबाईंची हाक आली. "नंतर थंड झाले म्हणून मला नका बोलू."

"आलो," दौलतराव म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.

इंदूरच्या छत्रीबागेतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटात, बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी जिथे चार लोकांकडे फुलदाणी असते तिथे दौलतरावांकडे टॅरंटुला होती — तळहाताएवढी, तपकिरी, अंगभर कुरळे सोनेरी केस असलेली कोळीण. कूळ म्हणे होंडुरासकडचं, जन्म मात्र इथलाच, भाच्याच्या कुणा मित्राच्या घरी. 'आक्कासाहेब' हे नाव दौलतरावांनीच ठेवलं होतं. पाय उचलायचा, तो कुठे ठेवायचा याचा विचार करायचा, मग ठेवायचा, मग पुढचा उचलायचा... त्यांच्या घराण्यातल्या थोरल्या बायका अशाच चालत असत. पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. फौज गेली, राज्य गेलं, पण घरातलं अहोजाहो तेवढं टिकलं होतं, आणि ते एका कोळिणीलाही लागू झालं यात दौलतरावांना कधी काही वावगं वाटलं नाही. मंगलाबाईंना सुरुवातीला वाटलं. "हे घर आहे का चिड़ियाघर?" असं त्या पहिले तीन महिने रोज म्हणायच्या, आणि एकदा पेटी पुसताना आक्कासाहेबांनी अंगावरचे केस उडवले तेव्हा दोन दिवस मनगट खाजवत अबोला धरून होत्या. मग कधीतरी, नेमकं केव्हा ते सांगता येणार नाही, दौलतराव बाजारातून आले तर बाई पेटीजवळ खुर्ची ओढून बसलेल्या, आणि दुपारच्या मालिकेत सासूने सुनेला काय केलं ते आक्कासाहेबांना रीतसर सांगणं चाललेलं. कात पहिल्यांदा टाकली तेव्हा तो पोकळ देह चिमटीत धरून त्यांनी विचारलं होतं, कचरागाडी आली आहे, हे ओल्यात टाकू की सुक्यात? इंदूरच्या बाईला पडावा असाच तो प्रश्न होता. दौलतरावांनी ती कात कुठल्याच डब्यात टाकू दिली नव्हती.

आणि आता हा हूक.

तसं पाहिलं तर काय बिघडलं होतं? कोळीण नसून कोळी निघाला. जगात याहून मोठे घोटाळे होतात. पण मादी पंचवीस वर्षं जगते, आणि नर, वयात आल्यावर, वर्षभर... फार तर दीड. त्यानंतर कात नाही, नवं अंग नाही. दौलतरावांना हे सगळं पाठ होतं, कारण त्यांनीच ते लिहून काढलं होतं, टपोऱ्या, एकाला एक न चिकटणाऱ्या अक्षरात, हिरव्या फायलीच्या अकराव्या पानावर.

ती फाइल सात वर्षांपूर्वीची. बायपास झाली, डॉक्टर म्हणाले आता तुम्ही ठणठणीत आहात, मुलगा मनीष हैदराबादहून येऊन राहून गेला, टाके सुकले. पण दौलतराव इस्पितळातून घरी आले ते निघायच्या तयारीनेच. दुःखी वगैरे नव्हते. उलट एक प्रकारचा टापटीपपणा आला होता त्यांच्यात. चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून त्यांनी नाले काढले, पूल काढले, पाण्याच्या टाक्या काढल्या, आणि एकच गोष्ट मानली: कागद घेऊन जो माणूस साइटवर उभा राहील त्याला तुम्हाला फोन करावा लागता कामा नये. तुम्ही तिथे नसणार. तेव्हा सगळं कागदावर हवं. मग त्यांनी स्वतःच्या घराचा नकाशा काढला — कुठला बटणपट्टा कुठल्या खोलीचा, पाण्याचा मुख्य वॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरतो, गॅसचा नंबर, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कधी — आणि वर शीर्षक घातलं, 'मी गेल्यावर'. मंगलाबाईंनी ती फाइल एकदा उघडली, शीर्षक वाचलं आणि मिटली. त्यानंतर त्यांनी तिला हात लावलेला दौलतरावांना आठवत नव्हता.

त्यानंतर वर्षभराने देवांश, बहिणीचा मुलगा, एक प्लास्टिकची डबी घेऊन आला. "मामा, बोर होता ना दिवसभर? हे सांभाळा. खर्चा नाही, आवाज नाही, बाहेर फिरवायला न्यायचं टेन्शन नाही. फक्त बघायचं." डबीत हरभऱ्याच्या दाण्याएवढं काहीतरी केसाळ बसलं होतं. दौलतरावांनी ते बघितलं, आणि मग बघतच राहिले, सहा वर्षं. दाण्याची सुपारी झाली, सुपारीचं लिंबू झालं. आठवड्याला एक रातकिडा, बुचातलं पाणी बदलणं, आणि बाकी सगळं न करणं: हात लावायचा नाही, उचलायचं नाही, चार-चार महिने काही खाल्लं नाही तरी आग्रह करायचा नाही. हे शेवटचं मंगलाबाईंना सर्वांत जड गेलं. पाहुण्याच्या ताटात दुसरी पुरणपोळी ढकलल्याशिवाय ज्यांचा हात मागे येत नाही अशा बाईला, समोरचा उपाशी आहे आणि तरी मजेत आहे, हे पचायला दोन वर्षं लागली.

दौलतराव खुर्चीत बसले. पेटीत आक्कासाहेब — दुसरं काय म्हणणार, तोंडातून तेच येत होतं — भिंतीवरून उतरून पुन्हा कडेकडेने चालायला लागल्या होत्या. महिनाभर हेच. संक्रांतीला कात टाकली, अंग कोरडं झालं, आणि तेव्हापासून ही फेरी. त्या खापराच्या घरात, जिथे त्या एरवी दिवसचे दिवस बसायच्या, एकदाही नाहीत.

आणि केवढं घर केलं होतं दौलतरावांनी! सव्वा वर्षापूर्वी, जुनी पेटी लहान पडायला लागली तेव्हा. देवांश म्हणाला होता एक उंच काचेचा टँक घ्या मामा, वर लाइट लावा, झकास दिसेल. दौलतरावांनी ट्रेसिंग पेपर काढला. जमिनीवर राहणारी जात ही, हिला उंची काय करायची? चढेल, आणि पडेल, आणि एवढ्याशा उंचीवरून पडली तरी पोट फुटतं. तेव्हा मातीपासून झाकणापर्यंत पायांच्या पसाऱ्याच्या दीडपट, एक सूतही जास्त नाही. माती मात्र भरपूर, कोकोपीट आणि बागेतली माती मिळून, मागच्या बाजूला सहा इंच आणि पुढे उतरत उतरत चार, म्हणजे पाणी दिलं की ओल मागे राहील आणि पुढचं अंगण कोरडं. कुंडीचं अर्धं खापर तिरकं पुरलेलं. हवेची भोकं दोन समोरासमोरच्या भिंतींना, एक ओळ खाली, एक वर. अॅक्रेलिक कापून घेतलं, कडा स्वतः घासल्या, बारा दिवस लागले. झालं तेव्हा मंगलाबाई म्हणाल्या होत्या, "आमच्या किचनच्या ओट्याला एवढा टाइम नाही दिला तुम्ही." खरंच होतं. पण ओटा त्यांच्या डोळ्यांदेखत वापरला जाणार होता. ही पेटी त्यांच्या नंतर वीस वर्षं चालायची होती. कधीतरी, देवांशच्या घरी, देवांशचे केस पांढरे झाल्यावर, आक्कासाहेब त्या खापराखालून एक पाय बाहेर काढतील आणि माती अजून मागच्या बाजूलाच ओली असेल... हे चित्र दौलतरावांनी कितीदा पाहिलं असेल! झोप लागायच्या आधी, गोळी घेतल्यावर. त्या चित्रात ते स्वतः नव्हते, आणि त्याचं त्यांना मुळीच वाईट वाटत नसे.

त्यांनी उठून हिरवी फाइल काढली. अकरावं पान. 'अपेक्षित आयुष्य: आणखी १८ ते २० वर्षं. ताबा: चि. देवांश.' आणि त्याला जोडलेला ट्रेसिंग पेपरचा चौकोन, काळ्या शाईत, प्रमाण दहास एक.

दीड वर्षापूर्वीच्या कातीचं ते चित्र. नर की मादी हे कातीवरून कळतं: पोटाच्या जागची कात साबणाच्या पाण्यात मऊ करायची, सुईने उलगडायची, आणि आतल्या बाजूला, फुप्फुसांच्या दोन पांढऱ्या ठिपक्यांच्या मध्ये एक पातळ घडी आहे का बघायची, उघड्या खिशासारखी. असली तर मादी. दौलतरावांना ती दिसली होती. नुसती दिसली नाही, त्यांनी ती मोजली, आणि उतरवली. आज त्यांनी कातीची ती जुनी डबी उघडली, चित्र शेजारी ठेवलं, भिंग लावलं. ठिपके होते. मध्ये सुरकुती होती. सुकताना कुठल्याही पातळ कातड्याला पडते तसली, एका बाजूने सुरू होऊन मध्येच विरलेली. चित्रात मात्र ती दोन्ही बाजूंनी सारखी होती, कडा घट्ट, शाईची रेघ कुठेही न थरथरलेली.

चौतीस वर्षं मी हाताखालच्या पोरांना हेच सांगत आलो, की जे आहे ते काढा, जे असावंसं वाटतं ते नाही. एका पोराला तर मी रडवलं होतं, त्याने नाल्याचा उतार दोन अंशांनी वाढवला म्हणून. आणि मी काय केलं? एका सुरकुतीवर वीस वर्षं उभी केली. आणि सही केली खाली... सहीसुद्धा होती, आणि तारीख.

"काय झालंय?" मंगलाबाई ताटली घेऊन स्वतःच बाहेर आल्या होत्या. "किती वेळ हाका मारते आहे. बीपीची गोळी घेतली ना?"

"मंगल," दौलतराव म्हणाले, "आक्कासाहेब... नर आहेत."

"हो का," त्यांनी ताटली स्टुलावर ठेवली. "मला तर डाउट होताच. महिनाभर बघते आहे ना मी, खाणं नाही, बसणं नाही, नुस्ते चक्कर. मनीषचं लग्न जमत नव्हतं तेव्हा तो पण पूर्ण घरात असाच फिरायचा. मी बोलली होती तुम्हाला, कुछ तो गड़बड़ है." मग त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला. "पण त्यात एवढं तोंड उतरवण्यासारखं काय आहे? मी तर आक्कासाहेबच म्हणणार. आता सवय झाली."

दौलतरावांनी नराच्या वर्ष-दीड वर्षाचं सांगितलं. दोन वाक्यांत संपलं ते. मंगलाबाईंनी पेटीकडे पाहिलं, मग उघड्या फायलीकडे, मग खुर्ची ओढून बसल्या.

"म्हणजे तुमच्या आधी."

"हो. म्हणजे, तसंच दिसतंय."

"अरे देवा." खालून भाजीवाला ओरडत गेला. मग त्या बोलायला लागल्या ते पेटीकडे बघतच, आवाज न चढवता, ज्या सुरात त्या दुपारी मालिकेची हकिकत सांगत त्याच सुरात. "सात वर्षं झाली, नाही? सकाळी चहाला, मी गेल्यावर तो वॉल्व्ह उजवीकडे फिरव. जेवताना, मी गेल्यावर एकदम मनीषकडे नको जाऊ. मी ऐकते. मला माहीत आहे तुम्ही प्रेमानेच सांगता. पण एकदा तरी विचारलं का हो तुम्ही, की मंगल, मी गेल्यावर तू राहशील कशी? वॉल्व्ह कुठे आहे ते नाही. कशी राहशील, ते." त्यांनी पदराने पेटीच्या झाकणावरची धूळ पुसली, धूळ नव्हतीच. "आता एक वर्ष तुम्ही बघा. रोज सकाळी उठून बघा, की आहे की नाही. मग कळेल मागे राहणाऱ्याचं."

दौलतरावांनी उघडी फाइल मिटली.

"खा आता," मंगलाबाई म्हणाल्या, आणि उठताना त्यांचा हात क्षणभर त्यांच्या खांद्यावर टेकला. "शेव वेगळी ठेवली आहे, मऊ पडते. आणि ती पोरगी किती वाजता येणार?"

"कोण पोरगी?"

"देवांशचा फोन मला पण येतो."

म्हणजे नर असल्याचं तिला आधीच ठाऊक होतं. देवांशला दहा दिवसांपूर्वी दौलतरावांनी फोटो पाठवला होता, उगीच, 'नवी कात, रंग छान आला' असं लिहून. आणि देवांशने लगेच फोन केला होता. "मामा, बुरा नका मानू, पण ये तो पक्का मेल आहे. पुढचे पाय झूम करून बघा ना." दौलतरावांनी झूम करून बघितलं नव्हतं. मग देवांशने सांगितलं की त्याच्या ओळखीची एक मुलगी आहे, अमिता, तिच्याकडे याच जातीची मादी आहे, नर शोधते आहे. आणि दौलतराव म्हणाले होते, येऊन बघू दे, नुसतं बघायला काय हरकत आहे. स्थळ बघायला येणाऱ्यांना असंच म्हणतात. आणि अशा 'नुसतं बघण्या'तून काय होतं तेही त्यांना ठाऊक होतं.

अमिता अकराला आली, हेल्मेट हातात, पाठीला सॅक, तिशीच्या आतबाहेरची. मूळची नाशिकची, दोन वर्षांपासून पीथमपूरच्या एका औषधांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत. तिने चपला काढल्या आणि सरळ पेटीसमोर गुडघ्यांवर बसली, नमस्कार करायचंही विसरली, आणि त्यासाठीच ती दौलतरावांना आवडली.

"काका, हे घर तुम्ही केलंय?"

"हो."

"उंची बरोबर ठेवलीत. सगळे इथेच चुकतात. आणि मातीला उतार..." तिने बोटाने हवेत तो उतार काढला. "माझ्या जिलेबीला असं काहीच नाही. लाजच वाटतेय."

"जिलेबी?" मंगलाबाई दारातून म्हणाल्या.

"इंदूरला आले त्याच आठवड्यात घेतली ना मी तिला."

मंगलाबाई हसल्या, आणि चहा टाकायला गेल्या. दौलतराव अमितासमोर बसले. त्यांना विचारायचं होतं ते ओठांवर येईना, म्हणून त्यांनी भलतंच विचारलं, "हे हूक... हे कशाला असतात? म्हणजे मला वाटलं ती नुसती खूण असते."

"खूण नाही हो." तिने दोन्ही हात पुढे करून तर्जन्या वाकवल्या. "आधी तो तिच्या दाराशी जाऊन जमिनीवर थापट्या मारतो. टप टप टप. तिची तयारी असेल तर ती आतून तशाच थापट्या देते. मग ती बाहेर येते, सुळे उघडून. तिचा तो स्वभावच आहे, समोर हललं की धरायचं. तर हा काय करतो, ह्या हुकांवर तिचे सुळे अडकवतो, आणि तसंच वर उचलून धरतो तिला. मिनिट, दीड मिनिट. तेवढा वेळ ती काही करू शकत नाही. मग सोडायचं आणि पळायचं."

"तुम्हाला एवढे कष्ट नव्हते," चहाचे कप ठेवता ठेवता मंगलाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "तुम्ही तर नुसतं पत्र टाकलं होतं बाबांना."

दौलतराव हसले नाहीत. "आणि पळता नाही आलं तर?"

"तर नाही," अमिता म्हणाली. तिने सावरासावर केली नाही. "मी लांब चिमटा घेऊन बसते, आणि जिलेबीला आधी आठवडाभर पोटभर खाऊ घालते. चारदा केलंय मी हे, दुसऱ्यांच्या माद्यांबरोबर. तीन नर परत आले. एक नाही आला." मग जरा थांबून, "नाही दिलंत तरी चालेल काका, खरंच. बरेच जण नाही देत. इथे राहिला तर असाच फिरत राहील. हळूहळू पाय आखडत जातील. त्याला काही दुखत नाही तेव्हा, असं म्हणतात. मला माहीत नाही."

पेटीत फेरी चालूच होती. समोरची भिंत, कोपरा, बाजूची भिंत, कोपरा. दौलतराव बघत होते. बारा दिवस घालवून बांधलेलं, उतार दिलेलं, वीस वर्षं टिकणारं घर, आणि याला ते नको आहे. याला फक्त भिंतीची दुसरी बाजू हवी आहे. आणि तिथे सुळे आहेत. त्याला माहीत असेल? अंगातच ज्याला हूक फुटले त्याला कुठेतरी माहीत असणारच की पुढे काय आहे ते... आणि तरी चालतोय. रागवावं की कौतुक करावं ते दौलतरावांना कळेना, आणि मग एकदम, अनावर, त्यांना त्याची माया आली. सहा वर्षं होतीच, पण ती वेगळी. ती आपण बांधलेल्या गोष्टीची असते तशी होती. ही त्याची होती.

त्यांनी मंगलाबाईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता," त्या म्हणाल्या. "आक्कासाहेबांना विचारा."

दौलतरावांनी झाकण काढलं. अमिताने तिची डबी आडवी धरली, आणि त्यांनी ब्रशचं मऊ टोक मागच्या पायाला हलकेच लावलं. पेटी बदलताना मागच्या वेळी या एका कामाला पाऊण तास लागला होता. आक्कासाहेब रुसून खापराला चिकटून बसल्या होत्या. आज पाऊल पुढे पडलं, दुसरं पडलं, आणि डबीत शिरून तो थांबलासुद्धा नाही, तळाशी जाऊन पलीकडची भिंत चाचपायला लागला. आपल्याकडे वळून बघावं असं थोडंच होतं — आठ डोळे असून याला काही धड दिसत नाही.

"महिन्याभरात कळवते," अमिता डबीचं झाकण लावत म्हणाली. "परत आला तर इथेच आणून सोडते, त्याचं घर आहे हे. आणि पिल्लं झाली तर अर्धी तुमची, काका. आमच्यात तशीच पद्धत आहे."

"अर्धी म्हणजे किती?"

"दोनशे तरी."

"अगं बाई!" मंगलाबाईंनी कपाळाला हात लावला.

"सगळी नाही हो काकू, हवी तेवढीच. एक घ्या, दोन घ्या. मोहरीपेक्षा जराशी मोठी असतात."

"आणि एवढी व्हायला?" दौलतरावांनी तळहात पुढे केला.

"मादी निघाली तर सहा-सात वर्षं. आणि नर की मादी ते नक्की कळायलाच अडीच-तीन जातात."

दौलतरावांना माहीत होतं आता आपण काय म्हणणार. वाक्य तयारच होतं, सात वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं: माझं काय आता, मी काय सात वर्षं बघायला बसलोय, तुम्हीच ठेवा. शेजाऱ्याने फ्लॅटला रंग दहा वर्षांच्या हमीचा लावा म्हटलं तेव्हा हेच म्हटलं होतं, डोळ्यांच्या डॉक्टरला हेच, मनीष पुढच्या वर्षी पासपोर्ट संपतोय म्हणाला तेव्हाही हेच. मंगलाबाई कप उचलता उचलता थबकल्या होत्या. त्याही ते वाक्य येण्याची वाट बघत होत्या.

"तीन," दौलतराव म्हणाले.

"तीन?"

"तीन द्या. कातीवरून ओळखण्यात माझी चूक होऊ शकते. तिघांत एखादी तरी मादी असेल." आणि मग, काहीतरी जास्त बोलून गेल्यासारखं, "जमलं तर. घाई नाही."

अमिताने फोनमध्ये तीनचा आकडा लिहून घेतला. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. डबी सॅकमध्ये उभी ठेवून, हेल्मेट घालून ती गेली, आणि गल्लीच्या तोंडाशी स्कूटर वळेपर्यंत दौलतराव खिडकीत उभे होते.

मग ते रिकाम्या पेटीसमोर येऊन बसले. कडेकडेने मातीत एक पाऊलवाट पडली होती, चारी बाजूंनी, महिनाभराच्या चालण्याची. ती बुजवावी असं त्यांच्या मनात आलं, पण हात गेला नाही. त्याऐवजी ते हिशेबाला लागले. मोहरीपेक्षा जराशी मोठी म्हणजे ही भोकं चालणार नाहीत, निघून जातील. सुई तापवून करावी लागतील, आणि डबीही लहान हवी, औषधाच्या बाटलीएवढी, म्हणजे रातकिड्याचं पिल्लू त्यांना सापडेल तरी. सगळं नीट झालं तर जूनमध्ये. पहिली दोन वर्षं डबी. मग मधली पेटी. मग मोठी. आज अडुसष्ट, म्हणजे तेव्हा मी सत्तर... एकाहत्तरला कात भिजवून बघायची, या वेळी दोघा-तिघांना दाखवायची, स्वतःच्या डोळ्यांवर विसंबायचं नाही... आणि तळहाताएवढी होईल तेव्हा पंचाहत्तर.

पंचाहत्तर. तिथे पोचलं पाहिजे.

आणि ते आलं. आधी त्यांना वाटलं छातीतच काहीतरी, त्यांनी सवयीने डावा हात दाबून पाहिला. पण ती कळ त्यांच्या चांगल्या ओळखीची होती आणि ही ती नव्हती. ही भीती होती. साधी, गार, पोटातून वर येणारी, लहानपणी विहिरीच्या काठाशी वाटायची तीच. मला मरणाचं काही वाटत नाही, असं ते लोकांना सांगत आले होते, जरा अभिमानानेच सांगत, आणि ते खोटं नव्हतं. सामान बांधून दाराशी बसलेल्या माणसाला गाडीची कसली भीती! पण आता कुणीतरी त्या सामानाच्या गाठी सोडल्या होत्या. कुणीतरी कशाला, मीच. एका शब्दाने. मला जूनपर्यंत जगायचंय. मला एकाहत्तरपर्यंत जगायचंय, मला... आणि कुणी ऐकलं नाही तर? कोण ऐकणार आहे?

"मंगल," त्यांनी हाक मारली.

"काय हो?"

"इथे येऊन बस जरा."

"मटार सोलायचे आहेत अजून."

"इथे आणून सोल."

त्या परात आणि पिशवी घेऊन आल्या, आणि त्यांचा चेहरा बघताच परात तशीच हातात धरून उभ्या राहिल्या. "दुखतंय का? देवांशला फोन लावू?"

"दुखत नाहीये." दौलतरावांचा आवाज त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटला. "भीती वाटतेय."

मंगलाबाईंनी कशाची म्हणून विचारलं नाही. त्या त्यांच्या शेजारी बसल्या, खुर्ची अगदी लागून, परात दोघांच्या मांड्यांवर अर्धी अर्धी ठेवली, आणि पिशवीतला एक मोठा ओंजळभर ढीग त्यांच्या बाजूला ओतला. "मलाही वाटते," त्या शेंग मोडत म्हणाल्या. "रोज."

दौलतरावांनी एक शेंग उचलली. दाणे परातीबाहेर सांडले. ते वाकून गोळा करताना त्यांना वाटलं की भीती आता कमी होईल, शेजारी कुणी बसलं की होते तशी. ती झाली नाही. आणि ती कमी व्हावी असं आपल्याला तितकंसं वाटतही नाही, हे कळून त्यांनी दुसरी शेंग घेतली.